ढोमा म्हणजे नक्की कोणता मासा? घोळ, कोथ आणि त्यांची भावंडं कशी ओळखायची

अमळनेरच्या एका हौशी गळवाल्याचा प्रश्न आहे. चौघं मित्र सुरतेला गेले, डुमसला तापीच्या मुखाशी तळाला झिंगा लावून गळ टाकला आणि एक रुपेरी मासा लागला. लांबी साधारण ४० सेंमी, वजन सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. गळ काढताना तो टर्रटर्र ओरडला. शेजारी जाळं टाकणारा म्हणाला, ‘ढोमा’. घरी आल्यावर जळगावच्या मासेवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, ‘अहो हा घोळ, पोटातली पिशवी फेकली नाही ना?’ मोबाइलच्या ॲपनं तिसरंच सांगितलं : ‘सिल्व्हर सीट्राउट’. तिघांत खरं कोण? त्याला जोडून दुसरा प्रश्न : खानदेशात हतनूर, प्रकाशा या गावांकडे तापीत आवाज करणारा मासा मिळतो असं गावातले म्हातारे सांगतात, तो हाच का? मासा खाऊन झाला आहे, पण डोकं फ्रीजरमध्ये आहे. सोबत तीन फोटो आहेत : एक आडवा, एक तोंड उघडलेला, एक पोटाकडून.

भाऊ, डोकं ठेवलंत हे फार बरं केलंत. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आधी थेट उत्तर. हा घोळ नाही. जाळेवाला चुकलेला नाही, पण त्याच्या शब्दानं तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण ‘ढोमा’ हे एका माशाचं नाव नसून अख्ख्या टोपलीचं नाव आहे. ॲपनं खानदान बरोबर पकडलं, पण मासा थेट अमेरिकेतला दाखवला. म्हणजे तिघांनी तीन वेगळ्या हिशेबांनी नावं दिली. एकानं बाजारातला ढीग सांगितला, एकानं भाव सांगितला, एकानं चित्र जुळवलं. मासा ओळखायचा तर नावं बाजूला ठेवून आधी अंग बघावं लागतं.

पहिला प्रश्न असा की मासा या खानदानातला आहे का. इंग्रजीत ज्यांना क्रोकर म्हणतात, ते शास्त्रात सायनिडी कुळातले. जगात यांच्या पावणेतीनशेच्या वर जाती आहेत आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डझनावारी. ओरडतो म्हणून क्रोकर, एवढ्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. करकराही ओरडतो, त्याचं नावच त्याच्या आवाजावरून पडलं आहे. तो घशातले दात एकमेकांवर घासतो. शिंगाळा छातीच्या काट्याचं मूळ खोबणीत घासून किर्रकिर्र करतो. ढोम्याच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीला लागून असलेले स्नायू भराभर आवळतात आणि पिशवी ढोलकीसारखी घुमते. बऱ्याच जातींत हे स्नायू फक्त नराला असतात, म्हणून गप्प राहिलेला मासा क्रोकर नाही असंही म्हणता येत नाही.

आवाजाऐवजी मी तीन खुणा एकत्र बघतो. त्यातली एकटी कुठलीच पुरेशी नाही.

पहिली खूण पाठीवरची. पाठीचा पर, म्हणजे पोहायचा पंख, पुढं काटेरी आणि मागं मऊ असतो, आणि दोन्हींच्या मध्ये खोल खाच असते. खाच इतकी खोल की लांबून दोन वेगळे पर वाटतात, पण बुडाशी ते जोडलेले असतात. पुढच्या भागात साधारण ९ ते १० काटे, मग खाच, मग एक काटा आणि त्यामागं वीसाच्या वर मऊ काड्या. हा मागचा भाग लांबलचक असतो, जवळपास शेपटीच्या देठापर्यंत जातो.

दुसरी खूण पोटाच्या मागं, गुदद्वाराजवळच्या पराची. या पराला दोनच काटे असतात आणि त्याची पट्टी आखूड असते. दुसरा काटा बऱ्याचदा जाड असतो, बोटात घुसतो, म्हणून ओल्या फडक्यानं धरून मोजा. वर लांब पर, खाली आखूड पर, ही विजोड जोडी एकदा डोळ्यात बसली की ढोम्याच्या कुळातला मासा दहा फुटांवरून ओळखू येतो.

तिसरी खूण अंगावरच्या रेषेची. कल्ल्यामागून निघणारी बारीक ठिपक्यांची पार्श्वरेषा बहुतेक माशांत शेपटीच्या देठाशी संपते. ढोम्याच्या कुळात ती शेपटीच्या परातून थेट टोकापर्यंत जाते. शेपटी उन्हाकडे धरली की मधोमध एक ओळ दिसते, तीच ही. आता गंमत अशी की जिताड्याची आणि रावसाची रेषाही शेपटीवर चढते. म्हणून ‘रेषा शेपटीपर्यंत गेली, म्हणजे क्रोकर’ असं सांगणाऱ्याला खुशाल थांबवा आणि उरलेल्या दोन खुणा विचारा.

जिताड्याला, म्हणजे खजुरीला, पाठीच्या मागच्या परात जेमतेम १० ते ११ मऊ काड्या असतात आणि गुदपराला तीन काटे. शिवाय डोक्यावर, डोळ्याच्या वर, कपाळ आत दबलेलं असतं. रावसाला पाठीवर दोन पूर्ण वेगळे पर असतात, शेपटी खोल दुभंगलेली असते आणि छातीच्या पराखाली मिशांसारखे सुटे धागे लोंबतात. धागे दिसले की विषय संपला. करकऱ्याच्या पाठीची खाच उथळ, गुदपराला तीन काटे (मधला चांगलाच दणकट) आणि रेषा शेपटीच्या देठाशीच थांबते. आपल्याकडच्या ढोम्यांची शेपटी कधीच कात्रीसारखी दुभंगलेली नसते. ती टोकदार, शंकरपाळ्यासारखी, गोलसर किंवा फार तर सरळ कापल्यासारखी असते.

तुमच्या पोटाकडच्या फोटोत गुदपराचे दोन काटे स्पष्ट मोजता येतात. आडव्या फोटोत पाठीची खाच दिसते आणि मागचा लांब परही दिसतो. शेपटी मात्र फोटोत कापली गेली आहे, त्यामुळे तिसरी खूण मला तपासता आली नाही. तरी पहिल्या दोन खुणांची जोडी जिताडा, रावस आणि करकरा या तिघांनाही बाद करते. मासा ढोम्याच्याच कुळातला आहे.

आता दुसरा प्रश्न : कुळातला नेमका कोण? इथं मी तोंडापासून सुरुवात करतो, रंगापासून नाही. रंग बर्फात उडतो. सोनेरी झाक असलेला कोथ दोन दिवस बर्फात राहिला की राखाडी होतो, आणि घोळाचे ठिपके मोठ्या माशात आपोआप पुसट होत जातात. तोंडाची ठेवण मात्र मेल्यावर बदलत नाही, वाळल्यावरसुद्धा नाही.

तोंड मुस्कटाच्या खाली आलेलं, नाक फुगीर आणि पुढं आलेलं, जणू मासा सतत जमिनीत तोंड खुपसून आहे, अशी ठेवण असेल तर तो जॉनियस वंशातला. बाजारात यांना ढोमी म्हणतात. हे लहानच राहतात, बहुतेक वीतभर, क्वचित फूटभर. टोपलीभर मिळणारे आणि वाळवून विकले जाणारे बहुतेक हेच. यांच्यातल्या जाती आपसात वेगळ्या करायच्या तर कल्ल्यावरचे दाते आणि हवेच्या पिशवीच्या फांद्या मोजाव्या लागतात. खाणाऱ्यानं त्यात पडू नये.

तोंड मोठं, तिरकं, खालचा जबडा किंचित पुढं आणि दोन्ही जबड्यांच्या टोकाशी कुत्र्यासारखे ठसठशीत सुळे, असं असेल तर तो ओटोलिथीस वंशातला. इंग्रजी पुस्तकात याला वाघदात्या अशा अर्थाचं नाव आहे. अंग सडपातळ, पाठ तपकिरी-गुलाबीसर, पोट रुपेरी. तुमचा दुसरा फोटो हेच सांगतो. वरच्या जबड्यात सुळ्यांची जोडी आहे आणि खालच्यातही आहे. ॲप कुठं फसलं तेही इथंच कळतं. अमेरिकेतल्या सीट्राउटलाही वरच्या जबड्यात सुळे असतात, अंगही सडपातळ असतं, आणि ॲपच्या पोतडीत तिकडचे फोटो भरमसाट. तुम्ही उभे होता डुमसला, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे जागा भरायची सोय असेल तिथं आधी जागा भरा, मग फोटो.

आपल्या किनाऱ्यावर या वंशातल्या दोन जाती नेहमी मिळतात, ओटोलिथीस रुबर आणि ओटोलिथीस क्युव्हिएरी. त्यातली पहिली जास्त वाढते. ४० सेंमीचा मासा बघता माझा कल रुबरकडे आहे, पण फोटोवरून मी दोघांत शपथेवर निवाडा देणार नाही.

घोळ कसा असतो? शास्त्रीय नाव प्रोटोनिबिया डायकँथस. अंग भरदार, खांद्याशी उंच. तोंड मोठं, पण पुढं सुळे नाहीत. वरचा जबडा खालच्यापेक्षा किंचित पुढं. हनुवटीखाली बारीक छिद्रं दिसतात. पाठीवर, पाठीच्या परावर आणि शेपटीवर काळे ठिपके शिंपडलेले. लहान घोळाच्या पाठीवर याशिवाय मोठे काळपट डागही असतात. हा वाढून दीड मीटरपर्यंत जातो. ठिपक्यांवर एकट्यानं भिस्त ठेवू नका, कारण निबिया मॅक्युलाटा नावाच्या लहान ढोम्याच्या अंगावरही काळे जाड पट्टे असतात आणि बाजारात तो ‘घोळाचं पिल्लू’ म्हणून खपतो. संशय आला की काड्या मोजा. घोळाच्या पाठीच्या मागच्या परात मऊ काड्या २२ ते २५ असतात, ओटोलिथीस रुबरमध्ये २७ ते ३०. मोजायची रीत सोपी आहे : पर ओला करून टाचणीनं पुठ्ठ्यावर ताणून बसवा, खाचेनंतरचा एक टणक काटा सोडा आणि तिथून मोजत जा. शेवटच्या दोन काड्या एकाच बुडातून निघाल्या असतील तर एकच धरा. दोनदा मोजा. एक-दोनचा फरक पडतोच, पण २३ आणि २९ यांत गफलत होत नाही.

कोथ हा तिसरा मोठा, ओटोलिथॉइडीस बायऑरिटस. अंग लांबुळकं, डोळा अंगाच्या मानानं बारीक, ताजेपणी कांस्याची किंवा सोन्याची झाक आणि शेपटी लांब, टोकदार. तोही दीड मीटरच्या आसपास जातो. सुळे नाहीत, ठिपके नाहीत. मोठा कोथ आणि मोठा घोळ शेजारी ठेवले तर नवखाही वेगळे करील. अडचण लहानपणी होते. वीतभर कोथ, वीतभर घोळ आणि वीतभर ओटोलिथीस एका टोपलीत पडले की विकणारी तिघांनाही ढोमा म्हणते, आणि तिच्या हिशेबानं ते बरोबर आहे. तिन्हींचा भाव एकच.

इथवरचं थोडक्यात धरून ठेवा : पाठीची खोल खाच, गुदपराला दोन काटे आणि शेपटीच्या टोकापर्यंत रेषा, म्हणजे कुळ ठरलं. मग तोंड : नाकाखाली असेल तर ढोमी, सुळे असतील तर ओटोलिथीस, सुळे नाहीत पण ठिपके असतील तर घोळ, लांब सोनेरी आणि टोकदार शेपटीचा असेल तर कोथ. याबाहेरचेही आहेत. मोठ्या डोळ्यांचा पेनाहिया, छातीच्या पराच्या बगलेत काळा डाग असलेला कथाला, हनुवटीला एकच मिशी असलेला डेंड्रोफायसा. ते भेटतील तेव्हा बघू.

आता फ्रीजरमधलं डोकं. या कुळाची सगळ्यात पक्की निशाणी डोक्याच्या आत असते. कानाच्या जागी दोन पांढरे खडे. सगळ्या हाडवाल्या माशांना असे खडे असतात, पण रोहू-कटल्याच्या डोक्यात ते शोधूनही हाताला लागत नाहीत. ढोम्याच्या कुळात ते अंगाच्या मानानं अवाढव्य असतात. ओटोलिथीस या नावाचा अर्थच कानातला खडा. डोकं पूर्ण वितळू द्या, पातेल्यात बुडेल एवढ्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार झालं की कवटीचं हाड मधोमध उभं फोडा. डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या खालच्या पोकळीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा खडा सापडेल, तुमच्या माशात हरभऱ्याच्या डाळीएवढा किंवा त्याहून मोठा. कच्चं डोकं सुरीनं फोडायला गेलात तर खडा हमखास तुटतो, म्हणून आधी उकळा. खडा धुऊन पुसला की एक बाजू खडबडीत दिसेल, आणि दुसऱ्या गुळगुळीत बाजूवर बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा खोलगट ठसा दिसेल : पुढं फुगीर डोकं, मागं वळलेली शेपटी. हा ठसा दिसला की कुळाबद्दल वाद उरत नाही, शेपटीचा फोटो नसला तरी. म्हणूनच डोकं ठेवलंत ते बरं म्हटलं. जात ठरवायला मात्र तुमच्याकडे दात आहेतच. तेही त्याच डोक्यात पुन्हा एकदा नीट बघून घ्या, उकळण्याआधी.

मासेवाल्यानं पिशवीचं विचारलं, ते का? घोळ आणि कोथ यांच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून परदेशात जाते, मुख्यतः हाँगकाँग-चीनकडच्या बाजारात. व्यापारी तिला बोत म्हणतात. तिथं ती खाण्यात वापरतात. माशांच्या अशा पिशव्यांपासून दारू निवळण्याचा पदार्थही पूर्वापार बनत आला आहे. नराच्या पिशवीला मादीच्या पिशवीपेक्षा जास्त दाम मिळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ एकदम मिळाले आणि त्यांचा लिलाव सव्वा कोटी रुपयांच्या पुढं गेला. ती बातमी घरोघर पोचली, आणि तेव्हापासून समुद्रातला कुठलाही राखाडी मासा दिसला की खानदेशात पहिला प्रश्न ‘घोळ आहे का’ हाच. पुढं नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातनं घोळ हा राज्यमासा जाहीर केला (त्याच वर्षी महाराष्ट्रानं पापलेट निवडला होता), त्यानं आणखी भर पडली. पण पैसा मोठ्या पिशवीचा असतो, आणि त्यातही घोळ-कोथाच्या. सहाशे ग्रॅमच्या ओटोलिथीसच्या पोटातली पिशवी फेकलीत याची हळहळ नको. पुढच्या वेळी मात्र ती फाडू नका. पोट साफ करताना पाठीच्या कण्याला चिकटलेली पांढरी पिशवी अंगठ्यानं अलगद सोडवा आणि तिचा आकार बघा. ढोमीच्या, म्हणजे जॉनियसच्या पिशवीचं पुढचं टोक हातोड्यासारखं आडवं असतं. बाकीच्यांची गाजरासारखी निमुळती असते आणि कडेला फांद्या फुटलेल्या असतात.

नावांचा गोंधळ आपल्याकडे खानदेशात किनाऱ्यापेक्षा जास्त का, याला कारणं आहेत. आपल्याकडचा समुद्राचा मासा दोन वाटांनी येतो : मुंबईकडून नाशिक-मनमाडमार्गे, आणि गुजरातकडून नवापूर-नंदुरबारमार्गे. दोन्हीकडची नावं बर्फासोबतच येतात. त्यात भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वे कॉलनीमुळे देशभरातलं गिऱ्हाईक असतं. बंगाली माणूस याच कुळाला भोला म्हणतो आणि घोळाला तेलिया भोला, आंध्रचा माणूस घोळाला कचिडी म्हणतो, तमिळ माणूस ढोम्यांना कथलै. मासेवाला गिऱ्हाइकाच्या तोंडचं नाव उचलतो, त्यात त्याची चूक नाही, धंदा आहे. आठवडे बाजारात सुकट-बोंबलाच्या शेजारी जे वाळलेले ढोमे असतात, त्यांच्या ढिगात चार-पाच जाती सहज निघतात. तिथं रंग गेलेला, पर मोडलेले, पण डोकं शाबूत असेल तर तोंडाची ठेवण आणि आतले खडे तसेच असतात. आणि हो, आपल्या बायका भाजीबाजारात ‘घोळ’ मागतात तेव्हा त्या जाड पानांची, आंबटसर रानभाजी मागत असतात. तेवढा एक घोळ तरी ओळखायला सोपा.

यूट्यूबवरच्या अमेरिकन गळवाल्यांमुळे वेगळीच भर पडते. तिकडे रेडफिश, ड्रम, सीट्राउट, व्हाइट सीबास ही सगळी नावं याच कुळातल्या माशांची. आपल्याकडे सीबास म्हटलं की जिताडा. तिकडच्या किनाऱ्यावर ज्याला कुणी किंगफिश तर कुणी व्हायटिंग म्हणतं, तोही क्रोकरच. आपल्याकडे किंगफिश म्हणजे सुरमई आणि व्हायटिंग म्हणजे मुडदुशी. आपल्या बाजारात पाट्यांवर घोळाला ज्यूफिश लिहिलेलं दिसतं, तर तिकडे हे नाव गोब्र्याच्या कुळातल्या एका प्रचंड माशाला होतं. इंग्रजी नावानं मासा ओळखायचा नाद सोडा. ज्यांना इंग्रजीतच बोलायचं आहे त्यांनी सरळ शास्त्रीय नाव टाकावं, ते दोन्ही किनाऱ्यांवर एकच असतं.

बोनलेस तुकड्यांबद्दलही विचारणा होते, म्हणून एवढंच : कातडी काढलेला पांढरा तुकडा बघून तो घोळाचा आहे की कोथाचा, हे कुणालाही डोळ्यांनी सांगता येत नाही. घोळाच्या भावानं बासा, म्हणजे पंगस, विकला जाण्याचा धोका खरा आहे. पंगसाला खवले नसतात, त्यामुळे कातडीसकट तुकडा मागितलात तर त्यावर खवल्यांच्या जागा दिसतात की नाही, हे बघता येतं. डोकं किंवा शेपटीचा तुकडा मागा. देत नसेल तर घोळाचा भाव देऊ नका.

राहिला तापीचा प्रश्न. डुमसला मिळालेला मासा खाडीचा आहे. ढोम्याच्या कुळातले बरेच मासे खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर, गढूळ तळाला वावरतात आणि भरतीबरोबर नदीत आत येतात. गंगेत तर त्यांचे काही भाऊबंद समुद्रापासून खूप आत, निव्वळ गोड्या पाण्यात सापडतात. म्हणून ‘नदीत क्रोकर नसतोच’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. पण आपल्या तापीवर सुरतेच्या वर काकरापारचा बंधारा आहे, त्याच्या वर उकाईचं धरण, मग प्रकाशा, सारंगखेड्याचे बॅरेज आणि पुढं हतनूर. समुद्रातून निघालेला ढोमा या पायऱ्या चढून प्रकाशाला पोचणार नाही. तिथं गळाला लागून आवाज करणारा मासा शिंगाळ्याच्या जातीतला असतो. ओळखायला काहीच लागत नाही : अंगावर खवले नाहीत, तोंडाला मिशा आहेत आणि पाठीच्या पराला व छातीच्या दोन्ही परांना टणक काटे आहेत. त्याचा छातीचा काटा हलकेच पुढं-मागं करा, किर्र आवाज तिथूनच येतो. मात्र शिंगाळा हे नावही दोन घरांत वापरलं जातं, समुद्रातल्या मिशावाल्या माशालाही आणि नदीतल्यालाही. त्यामुळे कुणी ‘डुमसला शिंगाळा मिळाला’ म्हणालं तर तो नदीतून वाहून गेलेला समजू नका.

पुढच्या खेपेला फोटो काढाल तेव्हा मासा बर्फात घालण्याआधी काढा. डोकं डावीकडे, पाठ वर, सगळे पर काडीपेटीच्या काड्यांनी ताणून, खाली मोजपट्टी. मग चार जवळचे फोटो : उघडं तोंड बाजूनं, हनुवटी खालून, गुदपराचे काटे, आणि उजेडाकडे धरलेली शेपटी. छातीचा पर उचलून बगलेचाही एक घ्या. बरोबर जागा, महिना, भरती की ओहोटी आणि आमिष लिहा. डोकं उकळून खडे निघाले की त्यांचाही फोटो पाठवा, ठशाची बाजू वर ठेवून, शेजारी एक रुपयाचं नाणं.